रिपोर्ट येण्याआधी ती गोळी नको

ताई,
आम्ही बडोद्याचे, दांडिया बझारातले. आई ६२ वर्षांची, मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. विडी-सिगारेट तर सोडाच, तिने कधी तपकीरही ओढली नाही. दिवाळीपासून खोकला होता. एक्स-रेवर डाग दिसला म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. तीन महिने घेतली, उतार पडला नाही. मग छातीत पाणी झालं. ते काढून तपासलं तर अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार निघाला, चौथी स्टेज, मणक्यातही एक जागा आहे. ऑन्कोलॉजिस्टनी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, जीन टेस्टला पाठवलंय, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. रक्ताची एक टेस्ट आधी आली, तिच्यात 'म्युटेशन नॉट डिटेक्टेड', म्हणजे जीनमधला बदल सापडला नाही, असं आहे.
मामांच्या ओळखीतल्या निझामपुऱ्याच्या एक बाई याच आजारात गोळीवर साडेतीन वर्षं चांगल्या होत्या. आता त्या गेल्या. त्यांच्या घरच्यांनी उरलेल्या दोन स्ट्रिप आम्हाला दिल्यात. मामा म्हणतात, वाट कसली बघता, सुरू करा. बाबा म्हणतात, तिला काही कळू द्यायचं नाही. आईला अजून टीबीच आहे असं वाटतं, आणि तिला संशय येऊ नये म्हणून टीबीच्या गोळ्याही आम्ही चालूच ठेवल्यात.
गोळी द्यावी का? खर्च झेपेल का? आईला सांगावं का? आणि मलाही हे होईल का? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.
— एक मुलगी, बडोदे

तू ताई म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहिते. मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत कॅन्सरची औषधं देण्यात आणि ती कशी घ्यायची हे घरच्यांना समजावण्यात माझी नोकरी गेली. आईच्या उपचाराचे निर्णय तिचे ऑन्कोलॉजिस्टच घेतील. त्यांना काय विचारायचं आणि त्यांच्यापासून काय लपवायचं नाही, हे मात्र मी तुला सांगू शकते.

आधी ती गोष्ट, जी तू प्रश्न म्हणून विचारलीच नाहीस. टीबीच्या गोळ्या. उद्या सकाळी ऑन्कोलॉजिस्टना फोन करून सांग की त्या अजून चालू आहेत. त्यांना बहुधा हे माहीतच नसेल, कारण कुठलाही डॉक्टर धरून चालतो की निदान बदललं म्हणजे औषधंही बदलली. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं. लघवी लालसर-केशरी होते ती त्याचीच. हे औषध यकृताला इतर औषधं भराभर मोडून टाकायला लावतं. गेफिटिनिब या कॅन्सरच्या गोळीसोबत ते चालू असेल तर गेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटतं, आणि ऑसिमर्टिनिब या तशाच नव्या गोळीचंही जवळजवळ तितकंच. म्हणजे उद्या रिपोर्टमध्ये म्युटेशन निघालं, नेमकी गोळी मिळाली, ती आईने रोज वेळेवर घेतली, तरी तिचा जेमतेम पाचवा हिस्साच अंगी लागेल. आणि महिन्याभराने घरात सगळे म्हणतील, हिला ती गोळीही लागू पडली नाही. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला दोनेक आठवडे जातात, म्हणून हे रिपोर्ट येण्याआधीच मिटायला हवं.

टीबीची औषधं तुम्ही आपल्या मनाने मात्र बंद करू नका. थुंकीत जंतू सापडले होते का, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूंची टेस्ट केली होती का, की नुसत्या एक्स-रेवरून औषधं सुरू झाली, हे कागद डॉक्टरांना दाखवा. टीबी आणि कॅन्सर एकाच फुफ्फुसात एकत्र असू शकतात. टीबी खरोखर सिद्ध झाला असेल तर डॉक्टर औषधांची दुसरी जुळणी करतील, नसेल तर बंद करतील. ते तीन महिने गेले याचं दुःख मला कळतं. आपल्याकडे टीबी इतका आहे की फुफ्फुसावरचा डाग दिसला की पहिला विचार त्याचाच होतो, आणि असे महिने वाया गेलेली कितीतरी माणसं मी औषधाच्या खिडकीपलीकडे उभी पाहिली आहेत. चूक कुणाची हे नंतर बघता येईल. आत्ता तुझी शक्ती तिथे घालवू नकोस.

आता मामांच्या स्ट्रिपकडे येते. माझं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे, आणि त्याचं कारण मामांनाही वाचून दाखव, कारण ते प्रेमापोटीच बोलताहेत.

२००९ साली आयपास नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पूर्व आशियातले बाराशेहून जास्त रुग्ण होते. सगळे अॅडिनोकार्सिनोमाचे, कधीच न ओढलेले किंवा पूर्वी अगदी थोडं ओढून सोडलेले, आणि त्यात बहुसंख्य बायका. थोडक्यात, तुझ्या आईसारखी माणसं. निम्म्यांना गेफिटिनिबची गोळी दिली, निम्म्यांना केमो. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल, म्हणजे म्युटेशन होतं (ते काय, ते पुढे सांगते), त्यांच्यापैकी गोळीवर असलेल्या शंभरातल्या ७१ जणांची गाठ आकसली, केमोवर ४७ जणांची. ज्यांच्या गाठीत ते नव्हतं, त्यांच्यात गोळीने शंभरातल्या जेमतेम एकाची गाठ आकसली. केमोने मात्र त्यांच्यातल्याही तेवीस-चोवीस जणांची आकसली. आणि ज्यांची तपासणी होऊ शकली त्यांच्यात म्युटेशन साधारण ६० टक्क्यांतच निघालं. बाकीचे ४० टक्के वरून अगदी तसेच दिसत होते, पण गोळीने त्यांचा तोटा झाला. त्यांचा आजार केमोवरच्या लोकांपेक्षा लवकर वाढला. आई या साठांतली की चाळीसांतली, हे चेहऱ्यावरून, वयावरून, न ओढण्यावरून कुणालाही सांगता येत नाही. त्यासाठीच ती टेस्ट आहे.

निझामपुऱ्याच्या बाईंची गोळी नक्की कोणती होती, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आज डझनाहून जास्त अशा गोळ्या आहेत, आणि एकाची दुसऱ्याला चालत नाही. त्या स्ट्रिप पुढच्या भेटीत सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांचं काय करायचं हे त्यांनाच ठरवू दे.

हे औषध नेमकं काय करतं, ते थोडक्यात सांगते, म्हणजे रिपोर्ट वाचताना तू गोंधळणार नाहीस. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. बाहेरून निरोप आला की ते आत 'वाढ' असा इशारा देतं, निरोप संपला की गप्प बसतं. काही गाठींमध्ये त्याच्या जीनमध्ये असा बदल होतो की दाराची घंटा अडकून वाजतच राहावी तसा तो इशारा थांबतच नाही. गोळी त्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि इशारा बंद पाडते. गेफिटिनिब बाजारात आली तेव्हा ती काही थोड्या लोकांनाच इतकी लागू का पडते हे कोडंच होतं. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांना ती लागू पडली त्यांच्या गाठीत हा बदल होता. तेव्हापासून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा उपचार गाठीतला बदल पाहून ठरायला लागला.

भारतात फुफ्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमात साधारण तीन-चार रुग्णांमागे एकाला ईजीएफआर म्युटेशन सापडतं, आणि धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्ये त्याहूनही जास्त. रिपोर्टवर 'एक्सॉन १९ डिलीशन' किंवा 'एल८५८आर' असं लिहिलेलं असलं तर ते गोळीला साथ देणारे नेहमीचे प्रकार. एक्सॉन म्हणजे जीनचा एक भाग. 'एक्सॉन २० इन्सर्शन' असेल तर ईजीएफआर हे नाव तेच, पण गेफिटिनिबसारख्या गोळ्या सहसा चालत नाहीत, औषध वेगळं लागतं. म्हणून 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' एवढंच ऐकून घरी येऊ नकोस. कोणता एक्सॉन, ते विचार.

दुसऱ्या जीनचं मोठं नाव एएलके, सगळे 'अल्क' म्हणतात. २००७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाने ते शोधलं. ते शंभरात चार-पाच जणांनाच असतं, पण ज्यांना असतं त्यांच्यासाठी आजची औषधं फार चांगली आहेत. लोरलाटिनिब या गोळीच्या अभ्यासात पाच वर्षांनंतरही ६० टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता, जुन्या क्रिझोटिनिबवर हेच प्रमाण ८ टक्के होतं. चौथ्या स्टेजच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल असे आकडे मी नोकरीला लागले तेव्हा कुणी बोलून दाखवले असते तर मी विश्वास ठेवला नसता. त्याशिवाय आरओएस१, ब्राफ, मेट, रेट, हर२ ही जीन आहेत. केरास नावाच्या जीनवर तर दशकानुदशकं औषधच सापडत नव्हतं, त्यातल्या जी१२सी या एका प्रकारावरची सोटोरासिब ही पहिली गोळी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाली. यातलं प्रत्येक औषध भारतात सहज मिळतं असं नाही. पण शोधलंच नाही तर मिळण्याचा प्रश्नही उरत नाही.

रक्ताच्या रिपोर्टवरून तुम्ही सगळे खचलात असं पत्रावरून दिसतं. त्याची गरज नाही. गाठीतून तुटून रक्तात आलेले डीएनएचे बारीक तुकडे ती टेस्ट शोधते. रक्तात म्युटेशन सापडलं तर ते बहुधा खरंच असतं आणि त्यावर उपचार सुरू करता येतात. पण सापडलं नाही याचा अर्थ एवढाच की त्या नळीभर रक्तात ते दिसलं नाही. बऱ्याच रुग्णांत गाठ पुरेसे तुकडे रक्तात सोडतच नाही. 'नॉट डिटेक्टेड' आलं की गाठीचा तुकडा किंवा छातीतलं पाणी तपासावंच लागतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते पाठवलेलं आहे. म्हणजे ते योग्य मार्गावर आहेत.

छातीतलं जे पाणी काढलं त्यातल्या पेशी मेणात बसवून लॅब एक 'ब्लॉक' बनवते. पुढच्या सगळ्या टेस्ट त्या इवल्याशा ठोकळ्यातूनच होतात. लॅबला दोन प्रश्न विचार. ब्लॉकमध्ये गाठीच्या पेशी पुरेशा आहेत का? आणि टेस्ट एकट्या ईजीएफआरची चालली आहे की पूर्ण पॅनेलची, म्हणजे अनेक जीन एकदम तपासणाऱ्या एनजीएसची? तुकडा थोडा असतो. एकेक जीन सुटं सुटं तपासत गेलं तर तो संपून जातो आणि पुन्हा सुई टोचावी लागते. एनजीएसचे पैसे अगदीच जमत नसतील तर निदान ईजीएफआर, अल्क आणि आरओएस१ एवढं तरी व्हायलाच हवं. अल्कची साधी टेस्ट काही दिवसांतच येते. 'सॅम्पल अपुरं' असा शेरा आला तर घाबरू नका. पाणी पुन्हा भरलं असेल तर तेच पुन्हा वापरता येतं. ब्लॉक आणि स्लाइड सही करून परत मिळतात. त्या मिळाल्या की सांभाळून ठेव, आणि बडोद्याच्या उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात विसरू नकोस, ते मेण आहे.

हे दोन-तीन आठवडे कसे काढायचे? आईचं बोलणं, चालणं, जेवण ठीक असेल तर थांबल्याने सहसा नुकसान होत नाही, आणि नेमकं औषध मिळण्याचा फायदा फार मोठा असतो. या काळात मेंदूचा एमआरआय झालेला नसेल तर त्याबद्दल विचार, कारण ईजीएफआर आणि अल्कच्या आजारात मेंदूत ठिपके असण्याचं प्रमाण बरंच असतं आणि सुरुवातीला त्रास काहीच नसतो. मणक्याकडे लक्ष ठेव. पाठीत एकदम कळा, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी अडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. धाप वाढली तर पाणी पुन्हा काढतात, आणि अगदी थांबणं शक्य नसेल तर डॉक्टर केमोने सुरुवात करतात. तेही चालतं. मात्र कुणी घाईने इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं इंजेक्शन सुचवलं तर 'जीन रिपोर्ट येईपर्यंत ते टाळता येईल का' असं नक्की विचार. ईजीएफआर किंवा अल्क असलेल्यांना ते इंजेक्शन सहसा फारसं उपयोगी पडत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ ऑसिमर्टिनिब सुरू केली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

खर्चाचं. इथे मी तुला धीरही देते आणि सावधही करते. गेफिटिनिब भारतात अनेक कंपन्या बनवतात, कारण इथे तिचं पेटंट मान्य झालं नाही. महिन्याचा खर्च काही हजारांत भागतो. एर्लोटिनिब या तशाच गोळीचा खर्चही तेवढाच, आणि ती २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ऑसिमर्टिनिब नवी आणि खूप महाग आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं आयात शुल्क काढून टाकलं आणि त्याच वर्षी जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी मध्यमवर्गीय घराला ती सहज परवडत नाही. फरक किती? पहिल्यापासून ऑसिमर्टिनिब घेतलेल्यांचा आजार, मध्यक धरला तर, १८.९ महिने आटोक्यात राहिला, गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब घेतलेल्यांचा १०.२ महिने. मध्यक म्हणजे निम्म्यांचा त्याहून जास्त, निम्म्यांचा कमी. एकूण आयुष्यातला फरक ३८.६ आणि ३१.८ महिन्यांचा होता. मेंदूतल्या आजारावर ऑसिमर्टिनिब जास्त चांगलं काम करते, हेही खरं.

पण दुसरी बाजू घरी बाबांना सांग. परळच्या टाटा हॉस्पिटलने ३५० भारतीय रुग्णांवर एक अभ्यास केला. एका गटाला नुसती गेफिटिनिब, दुसऱ्याला गेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो. नुसत्या गोळीवर आजार ८ महिने थांबला, दोन्ही मिळून १६ महिने, आणि आयुष्यही वाढलं. केमोचा त्रास जास्त झाला, हे लपवत नाही. तरी महागडी गोळी परवडली नाही म्हणजे आपण आईसाठी काहीच केलं नाही, असं मनात आणू नका. स्वस्तातली वाटही संशोधनाने पारखलेली आहे. ऑसिमर्टिनिबबरोबर केमो दिल्यास आयुष्य आणखी वाढतं, हे आता दिसलं आहे, तो पर्यायही डॉक्टर मांडतील.

गुजरातमध्ये आयुष्मान कार्डावर एका कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. घराचा कागद बँकेत नेण्याआधी कार्ड निघतं का, ते बघा, आणि हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर नेमकं औषधाचं नाव घेऊन विचारा, कारण सगळी औषधं त्यात बसत नाहीत. महाग गोळ्यांच्या कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजना असतात. काही महिन्यांचे पैसे भरल्यावर पुढची गोळी मोफत, अशा धर्तीच्या. त्यांचा अर्ज डॉक्टरांच्या सहीने जातो, म्हणून पहिलं पाकीट विकत घ्यायच्या आधी विचारायचं. दुसरं मत हवं असेल तर अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, टाटा आहे. टाटाच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेमार्फत ऑनलाइनही मिळतं. धाप लागणाऱ्या आईला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेऊन रांगेत बसवायची गरज नाही.

गोळी सुरू झाली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहऱ्यावर, छातीवर मुरुमांसारखं पुरळ येईल. जुन्या गोळ्यांनी जास्त, ऑसिमर्टिनिबने कमी. जुलाब होतील, तोंड येईल, त्वचा कोरडी पडेल, आणि मग नखांच्या कडा सुजून नखुरडं होईल. हे शेवटचं दिसायला किरकोळ, पण भाजी चिरताना, ब्लाउजची हुकं लावताना बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या ते डॉक्टरांना सांगत नाहीत. तू विचारत जा. पहिल्या दिवसापासून साधं मॉइश्चरायझर दोन वेळा, सौम्य साबण, बाहेर पडताना सनस्क्रीन. हळद-बेसनाचं उटणं, लिंबू, मुरुमांच्या जाहिरातीतली क्रीम यातलं काही लावायचं नाही. पुरळ वाढलं तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी आणि मलम देतात. जुलाबाला ओआरएस आणि लोपेरामाइड घरात आधीच असू दे, किती घ्यायचं ते विचारून ठेव.

पुरळ भयंकर दिसलं म्हणून एका घराने न विचारता गोळी बंद केली होती, आणि सहा आठवड्यांनी ते माझ्या खिडकीशी आले तेव्हा पाणी पुन्हा भरलेलं होतं. डॉक्टर गरज पडली तर चार दिवस गोळी थांबवतात, डोस कमी करतात, ती वेगळी गोष्ट. तसं करण्याआधी विचारायचं, एवढंच. एका लक्षणाला मात्र थांबायचं नाही. नवा कोरडा खोकला आणि एकाएकी वाढलेली धाप. गोळीने क्वचित फुफ्फुसाला सूज येते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ऑसिमर्टिनिब असेल तर अधूनमधून ईसीजी काढतात.

गॅसच्या गोळ्या आपल्याकडे कुणी औषधात धरतच नाही. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब चालू असताना ओमेप्राझोल, पँटोप्राझोल पोटात असेल तर गोळी नीट शोषली जात नाही. ऑसिमर्टिनिबला ही अडचण नाही. एर्लोटिनिब रिकाम्या पोटीच घ्यायची. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळायचं. कुणी काढा, भस्म आणून दिलं तर भांडू नकोस, डबीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठव.

निझामपुऱ्याच्या बाईंचं तू लिहिलंस, त्यात एक खरी गोष्ट आहे जी मामा सांगत नाहीत. साडेतीन वर्षं चांगली गेली, मग औषध चालेनासं झालं. चौथ्या स्टेजमध्ये बहुतेकांच्या बाबतीत हे कधीतरी होतं. गाठ नवा बदल करून घेते. गेफिटिनिबनंतर निम्म्याहून जास्त जणांत टी७९०एम नावाचा बदल सापडतो आणि त्यावर ऑसिमर्टिनिब चालते, ती मुळात त्यासाठीच आली होती. म्हणून आजार परत वाढला की पुन्हा रक्त किंवा तुकडा तपासायला सांगायचं, अंदाजाने औषध बदलायचं नाही. हा आजार चौथ्या स्टेजला पूर्ण नाहीसा होतो असं मी तुला सांगणार नाही. तो बराच काळ दाबून ठेवता येतो आणि त्या काळात माणूस घरात हिंडतं, फिरतं, लग्नाला जातं, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि आई. बाबांना वाटतं तिला धक्का सोसणार नाही. त्यांच्या जागी ते चुकीचे नाहीत, इतक्या वर्षांचा संसार आहे, त्यांनाच तो धक्का सोसत नाहीये. पण आता बघ, तिला काय काय करायचं आहे. रोज एकाच वेळी गोळी घ्यायची. नखं दुखली, धाप लागली, तर लगेच बोलायचं. गॅसची गोळी स्वतःहून घ्यायची नाही. टीबीच्या गोळ्या का बंद केल्या किंवा बदलल्या हे समजून घ्यायचं. ज्या आजाराचं नावच तिला माहीत नाही त्याची एवढी काळजी ती कशी घेणार? खोटं टिकवायला तुम्ही रिफॅम्पिसिन चालू ठेवलंत, तिथेच त्या खोट्याने तिच्या औषधात हात घातला. शिवाय आईने आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलं. ऑन्कोलॉजी विभागाच्या दाराबाहेर ती तासन् तास बसते, तिथल्या पाट्या ती वाचतच असेल. शेजारच्या बेन येऊन 'मटी जशे', म्हणजे बरं होईल, म्हणतात तेव्हा त्या नजर चुकवतात, हेही तिला दिसत असेल. कदाचित तीच तुम्हाला सांभाळून घेत असेल.

सगळं एका दमात सांगू नकोस. दुपारी, घरात गर्दी नसताना, बाबा आणि तू दोघं बसा. आधी तिला विचार, 'आई, डॉक्टर काय म्हणाले ते तुला सगळं ऐकायचंय का, की आम्हीच बघावं?' काही माणसांना खरोखर नको असतं, तो त्यांचा हक्क आहे. ऐकायचं म्हणाली तर सरळ सांग, 'आम्ही टीबी म्हणत होतो, पण फुफ्फुसात कॅन्सरची गाठ आहे. कोणतं औषध लागू पडेल याची तपासणी चालू आहे, काही लोकांना नुसत्या गोळ्यांवर चांगलं राहता येतं.' मग गप्प बस. ती रडेल, किंवा उठून चहा टाकेल, किंवा तुला रागावेल की आधी का नाही सांगितलं. तिन्हींपैकी काहीही झालं तरी लगेच समजावत सुटू नकोस. महिने आणि टक्के तिने विचारल्याशिवाय काढू नकोस. आणि 'मी असं काय केलं' असं तिने विचारलं, ते बहुतेक सगळ्याच विचारतात, तर सांग की तिने काहीही केलेलं नाही. न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, हवेतला धूर हे त्याचं एक कारण आहे, आणि कित्येकांत कारण सापडतच नाही. बाबा अगदीच अडून बसले तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी एकटी भेटून सांग की आईशी तुम्ही बोला. बरेच डॉक्टर हे चांगलं करतात, त्यांना फक्त घरातून कुणी थांबवलेलं नसावं लागतं.

तुझा शेवटचा प्रश्न, मलाही होईल का. ईजीएफआर किंवा अल्कचा बदल निघालाच, तर तो आईच्या फुफ्फुसातल्या त्या गाठीत, तिच्या आयुष्यात घडलेला असतो. तो तिच्या जन्माबरोबर आलेला नाही, आणि तुझ्याकडे तिच्या रक्तातून आलेला नाही. फार थोडी घराणी याला अपवाद असतात, आणि तशी शंका असेल तर आईचा रिपोर्ट वाचताना डॉक्टर स्वतःच बोलतील. आईला आहे म्हणून तुझा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त धरतात, पण त्यासाठी आज धावत जाऊन स्कॅन करायचं कारण नाही. घरात कुणी ओढत असेल तर ते बंद करायला लाव. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला स्वतःचाही अंगावर काढू नकोस. आणि झोप येत नाही हे तू लिहिलंस, ते तुझ्या फॅमिली डॉक्टरांना सांग. पुढचे महिने घरात जागं राहणारं माणूस एकटी तूच असून चालणार नाही. मामांना मदतच करायची आहे, तर रात्रीची एक पाळी त्यांना दे.